जुनी दर्शनी भिंत ठेवून मागे टॉवर, अशा ठिकाणी फ्लॅट घ्यावा का?

अर्धा_निर्णय

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

एक फ्लॅट बघितलाय, बांधकाम चालू आहे. त्या जागेवर आधी शंभरेक वर्षांची तीन मजली इमारत होती. तिची रस्त्याकडची भिंत तेवढी ठेवलीय, बाकी सगळं भुईसपाट, आणि त्या भिंतीच्या मागून ३४ मजल्यांचा टॉवर वर चाललाय. भिंत सुंदर आहे यात वादच नाही, कमानीच्या उंच खिडक्या, दगडी महिरपी, वर नक्षीची कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचा पुढे आलेला पट्टा. आम्ही बघतोय तो फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बरोब्बर त्या भिंतीच्या मागे.

परवा साईटवर गेलो तर ती भिंत लोखंडी सांगाड्यात एकटीच उभी, खिडक्यांमधून पलीकडचं आकाश दिसतंय. आतल्या अंगाला कुणाच्यातरी खोलीचा पोपटी रंग तसाच, एक कोनाडा, आणि कोनाड्याच्या वर कॅलेंडरचा खिळा. ते बघून पोटात कसंतरीच झालं, म्हणजे छान वाटलं की वाईट तेच कळेना.

तर प्रश्न असे की ही भिंत पुढे कधी पडायची भीती असते का, ओल येते का, आणि तिची देखभाल शेवटी कुणाच्या बोकांडी बसते? कुणी अशा घरात राहतं का? सेल्सवाल्यांना विचारलं तर "सर, हेरिटेज आहे, किंमत वाढतच जाणार" एवढं एकच वाक्य येतं त्यांना.

---

ओळंबा

मी स्ट्रक्चरलमध्ये आहे, अशा तीन साईट्सवर काम केलंय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

बिल्डिंग पूर्ण झाल्यावर भिंत पडायची भीती फार कमी. खरा धोका आत्ता आहे, तुम्ही बघून आलात त्या अवस्थेत. मूळ इमारतीत ती भिंत कधीच एकटी उभी नव्हती हो, मजल्यांच्या तुळया तिच्यात शिरलेल्या होत्या, काटकोनातल्या भिंती तिला धरून होत्या, ते सगळं काढलं की पंधरा मीटर उंच आणि जेमतेम दीड-दोन फूट जाड अशी भिंत वाऱ्याच्या तोंडी उघडी पडते, आणि वारा काय दोन्ही बाजूंनी ढकलतो. म्हणून पाडकामाच्या आधी तो लोखंडी सांगाडा उभा करतात. आधी सांगाडा, मग पाडकाम, हा क्रम कुणी उलटा केला तर मी त्या साईटवर पाय ठेवत नाही. सांगाड्याच्या बुडाशी काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे दिसले असतील, ते शोभेचे नाहीत, वाऱ्याने सांगाडाच भिंतीसकट उलटू नये म्हणून ते वजन. खिडक्यांच्या पोकळीत धिरे (आधाराचे टेकू) लावतात, नाहीतर कमानी खचतात.

पुढच्या वेळी गेलात तर भिंतीवर नखाएवढे चकचकीत ठिपके दिसतात का बघा. ते प्रिझम असतात, टोटल स्टेशन (सर्व्हेचं मोजणी यंत्र) लावून त्यांची जागा रोज मोजतात. आडवं हलणं उंचीच्या साडेसातशेव्या भागाच्या आत ठेवायचं असं आम्ही धरतो, म्हणजे १५ मीटरला २० मिमी, आणि काम थांबवायचा आकडा त्याच्याही बराच अलीकडे. तळघर खणताना हे फार महत्त्वाचं, कारण जुना पाया उथळ असतो आणि त्याच्या शेजारीच तुम्ही खोल खड्डा खणत असता.

आता कायमचं काय होतं ते. नीट केलेल्या कामात भिंत आपलं वजन आपल्याच पायावर पेलते, नवीन स्लॅब तिला फक्त आडवं धरून ठेवतो. स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या असतात, त्यांना उभं लांबट भोक ठेवतात, म्हणजे भिंत पुढेमागे हलणार नाही पण वरखाली थोडी सरकू शकेल. हे लांबट भोक का, तर नवीन काँक्रीट कितीतरी वर्षं बारीक बारीक आखडत राहतं, उंच टॉवरचे कॉलम वरच्या वजनाने दबतात, आणि ती म्हातारी भिंत जेवढी बसायची तेवढी शंभर वर्षांत बसून मोकळी झालीय. दोघांना घट्ट बांधलंत तर भेग म्हातारीलाच पडणार. शिवाय टॉवर वाऱ्यात डोलतो, भिंत डोलत नाही. म्हणून समजूतदार डिझाइनर टॉवर भिंतीपासून काही मीटर मागे घेतात, मध्ये कमी उंचीचा भाग ठेवतात आणि दोघांत जॉइंट, म्हणजे हलायला जागा देणारी फट, ठेवतात. तुमच्याकडे टॉवर थेट भिंतीच्या पाठीवरूनच वर जातोय का? हा प्रश्न विचाराच, आणि सेल्सवाल्याला नको, इंजिनियरला.

---

दुसरा_मजला_डावीकडे

मी राहतो अशा घरात. सहावं वर्ष चालू आहे. माझा मजलाही दुसराच, म्हणून टायपायला बसलो.

वरच्या दादांनी भिंतीचं सांगितलं, मी खिडकीचं सांगतो, कारण घेताना मीही भिंत पडेल का हेच विचारत बसलो होतो आणि जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही. जुन्या इमारतीत मजल्याची उंची किती असायची? आमच्याकडे ४.२ मीटर होती. नवीन मजला ३.१५ मीटरचा. म्हणजे जुन्या तीन मजल्यांत बिल्डरने नवीन चार बसवले, १२.६ ला १२.६, हिशोब अगदी चोख. फक्त खिडक्या जुन्या मजल्यांच्या आहेत ना! त्या आपल्या जागेवर आणि स्लॅब भलत्याच जागी.

परिणाम असा की मधल्या रांगेतल्या खिडक्यांना आमचा स्लॅब बरोब्बर कमरेत कापतो. खिडकीचा खालचा अर्धा भाग खालच्यांच्या छताजवळ आणि वरचा अर्धा भाग आमच्या जमिनीजवळ. आमच्या हॉलमध्ये ती सुंदर कमान जमिनीतून उगवल्यासारखी वर येते आणि साधारण माझ्या छातीशी संपते, टेपने मोजलंय, १.४ मीटर. रस्ता बघायचा तर मला वाकायला लागतं. पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच, "खिडकी एवढी खाली का?" मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा ती खिडकी फक्त तिच्याच मापाची होती, तासन्‌तास नाक लावून बसायची, आता तीही वाकते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं उलटं, त्यांची खिडकी सुरूच होते डोक्याच्या वर, प्रकाश भरपूर पण दिसतं काय तर समोरच्याची गच्ची आणि ढग.

आणि स्लॅबची कड रस्त्यावरून दिसू नये म्हणून खिडकीच्या मध्यभागी काळ्या काचेची पट्टी मारलीय. दिवसा कळत नाही. रात्री दिवे लागले की सगळं गुपित बाहेर.

गंमत म्हणजे आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर स्लॅब बरोबर खिडकीच्या खालच्या कडेशी येतो, त्यांना जमिनीपासून वरपर्यंत अख्खी कमान मिळालीय. तोच बिल्डर, तीच भिंत, एका मजल्याचा फरक. तेव्हा बिल्डिंगचा सेक्शन मागा, प्लॅन नाही, सेक्शन, उभा छेद. ब्रोशरमध्ये तो कधीच नसतो.

---

मुखवटा_नको

मला कळत नाही याला वारसा जपणं का म्हणतात. वाघ मारायचा, पेंढा भरायचा आणि दारात उभा करून म्हणायचं आम्ही वन्यजीवप्रेमी.

इमारत म्हणजे जिने, चौक, खोल्यांची उंची, आतला उजेड, माणसं कशी वावरायची ते सगळं. ते पाडून फक्त तोंड ठेवलं की उरतं काय, टॉवरला परवानगी मिळवायचं तिकीट. १९६४ च्या व्हेनिस सनदेत (जुन्या वास्तू जपायची तत्त्वं), जी या क्षेत्रातले लोक अजूनही पायाभूत मानतात, स्पष्ट आहे की वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून वेगळी काढता येत नाही. आणि आपण तर तिला तिच्या पोटापासून वेगळी काढतोय.

वरच्या दादांनी खिडकीचं लिहिलंय तसंच पण त्याहून भयंकर बघायचं असेल तर लंडनमधलं ४६५, कॅलेडोनियन रोड शोधा. जुन्या गोदामाची विटांची भिंत ठेवली आणि मागे विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या बांधल्या, जुन्या आणि नव्या खिडक्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, कित्येक खोल्यांतून समोर दिसते ती विटांची पाठ. २०१३ सालचा कार्बंकल कप मिळालाय त्याला, तिथल्या एका वास्तुकला मासिकाकडून वर्षातल्या सर्वांत वाईट इमारतीला दिला जायचा तो.

---

चौकोनी_कंपास

मुखवटा_नको, तुमचा राग समजतो, मी आर्किटेक्ट आहे आणि अर्धा राग माझाही आहे. पण सगळ्यांना एकाच सुतळीत बांधू नका राव.

व्हिएन्नाचे गॅसोमीटर घ्या. १८९६ ते १८९९ मध्ये बांधलेल्या गॅस साठवायच्या चार प्रचंड गोल इमारती, बाहेरून विटा. वापर थांबला, आतली यंत्रं काढली, आणि १९९९ ते २००१ मध्ये चार वेगवेगळ्या आर्किटेक्टनी एकेका गोलात घरं बसवली, एकाच्या अंगाला तर ढालीसारखी वाकलेली नवी इमारत चिकटवलीय. तिथेही बाहेरचं कवचच तर ठेवलंय! पण मुळात आत खोल्या नव्हत्याच, गॅस होता. पोट रिकामंच होतं, त्यामुळे पाडलं काय हा प्रश्न उरत नाही. हँबुर्गच्या एल्बफिलहार्मोनीचं तसंच, १९६० च्या दशकातलं बंदरावरचं विटांचं गोदाम, त्याचं कवच ठेवून डोक्यावर काचेची इमारत चढवली, २०१७ ला उघडली. संगीताचं सभागृह म्हणून सगळ्यांना माहीत, पण तिच्यात हॉटेल आहे आणि ४५ घरंही आहेत. गोदामं, गॅसच्या टाक्या, गिरण्यांची धुराडी यांना हे चालून जातं. चाळीस खोल्यांत माणसं राहत होती त्या इमारतीला चालत नाही. माझी रेघ मी साधारण इथे ओढतो.

न्यूयॉर्कची हर्स्ट बिल्डिंग हा अजून वेगळाच किस्सा (घरं नाहीत, ऑफिसं आहेत, पण सांगतोच). १९२८ ची सहा मजली इमारत, मुळातच वर टॉवर यायचा म्हणून बांधलेली, मंदीने तो राहिला. आतलं सगळं काढून २००६ ला ४६ मजली टॉवर उभा राहिला. आता याला विद्रूप केलं म्हणायचं की राहिलेलं काम पुरं केलं?

आणि तिथलंच स्टाइनवे या पियानो कंपनीचं स्टाइनवे हॉल बघा. १९२५ ची इमारत, तिच्या बाजूला, थोडा मागे, ८४ मजल्यांचा, ४३५ मीटर उंच, सुरीसारखा सडपातळ निवासी टॉवर. पण हॉलचा दर्शनी भाग आणि आतलं घुमटाखालचं पियानोचं दालन दोन्हीला संरक्षण आहे, त्यामुळे त्या दालनाला हात लावता आला नाही. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन टॉवर नावाच्या इमारतीनेही तिथली १९०८ ची बँक अख्खी पोटात घेतलीय, नुसती भिंत नाही. म्हणजे होतं, उंच टॉवर असूनही होतं, जिथे आतल्या भागालाही कायद्याचं कुंपण असतं तिथे होतं. जिथे कायदा फक्त रस्त्यावरून दिसतं तेवढंच बघतो तिथे बिल्डरही तेवढंच ठेवतो, त्याला तरी का दोष द्या.

आम्ही काय मागतो सांगू? भिंतीच्या मागची निदान पहिली खोली ठेवा. भिंतीपासून पाच-सहा मीटर आतपर्यंत, जुन्या मजल्यांच्या उंचीसकट. तेवढी ठेवली की खिडकीला तिची खोली आपोआप मिळते, भिंतीला तिच्या तुळया मिळतात, दुसरा_मजलावाल्यांना वाकावं लागत नाही, आणि नवीन टॉवर आपल्या उंचीने मागे जाऊ शकतो. चार ऐवजी तीन मजले मिळतात, एवढाच तोटा, पण तोच तर कुणाला नको असतो.

आणि ते "जुनी भिंत ठेवली म्हणून कार्बन वाचला" वगैरे ब्रोशरमध्ये असेल तर हसून सोडून द्या. इमारतीतला कार्बन (बांधकामाचं सामान बनवताना हवेत सोडला जातो तो) मुख्यतः पाया, स्लॅब, कॉलम यांच्यात असतो, ते सगळं तर तुम्ही पाडून नवीन ओतलंत.

---

चुना_आधी_भिजवा

ओलीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. जुन्या दुरुस्त्यांची कामं घेतो मी.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते. ती पाणी पिते आणि वाळते, पिते आणि वाळते, असंच तिचं शंभर वर्षं चाललंय. तुम्ही तिच्या दर्जा (विटांमधले सांधे) सिमेंटने भरल्या की तिचं तोंड बंद. मग पाणी दर्जेतून बाहेर पडत नाही, विटेतून पडतं, बरोबर क्षार घेऊन येतं, लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटायला लागतात. काही वर्षांनी अशी भिंत बघा, वीट आत गेलेली आणि सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे आलेल्या. मला एका साईटवर सुपरवायझर म्हणाला सिमेंट मजबूत असतं ना मग चांगलंच की. मी म्हटलं मजबूत आहे म्हणूनच नको. दर्जा विटेपेक्षा मऊ पाहिजे, झीज झाली तर तिची व्हावी, ती परत भरता येते.

आतून काय करतायत तेही बघा. थंडीच्या प्रदेशात हल्ली आतून जाड इन्सुलेशन मारतात, घर उबदार होतं पण भिंतीला आतली ऊब मिळायची बंद होते, ती गार आणि ओली राहते, गोठली की विटा फुटतात. दगडी दर्शनी असेल तर आत लोखंडी पट्ट्या किंवा बीम आहेत का तपासलंय का हे विचारा, कारण लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं, बाहेरून फक्त केसासारखी रेष दिसते.

आणि एक गोष्ट जी डिझाइनवाले पण विसरतात. वरचे तीस मजले काचेचे. काच पाणी पीत नाही, सगळा पाऊस घरंगळत खाली येतो आणि पडतो कुठे, जुन्या कॉर्निसवर. ती बिचारी आपल्या तीन मजल्यांच्या पावसासाठी बांधलेली. वरून पत्र्याचं फ्लॅशिंग (पाणी आत मुरू न देणारं झाकण) नीट नसेल आणि ते पाणी मध्येच अडवून पायपाने काढलं नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत काळे ओघळ ठरलेले.

---

दुसरा_मजला_डावीकडे

चुना_आधी_भिजवा, ते काळे ओघळ आमच्याकडे आलेत! आम्हाला वाटलं धूळ आहे.

देखभालीचं राहिलंच सांगायचं. आमच्या करारात "दर्शनी भाग" एवढा एकच शब्द होता, त्यात जुनी भिंत येते का हे कुठेच नाही. चौथ्या वर्षी कॉर्निसचा एक तुकडा सुटला, नशीब रात्री पडला, कुणी खाली नव्हतं. मग परांची, चुन्याचं काम करणारे कारागीर, दगड जुळवून आणायचा, त्यात जुनी भिंत म्हणून परवानगीही वेगळी. वरच्या मजल्यांवरचे म्हणाले आमच्या घरातून ती भिंत दिसतसुद्धा नाही, तुमची खिडकी आहे तुम्ही भरा. आम्ही म्हटलं जाहिरातीत तुम्हीही तीच भिंत बघून घर घेतलंत. सात महिने मीटिंगा. शेवटी सगळ्यांत वाटून झालं पण शेजाऱ्यांशी बोलणं अजून जेवढ्यास तेवढं. खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या, भिंत सामायिक आहे आणि तिच्यासाठी वेगळा निधी आहे. बिल्डरला म्हणावं पहिली पाच वर्षं तू बघ.

---

अर्धा_निर्णय

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. काल परत जाऊन आलो.

ओळंबा, ठिपके आहेत, नऊ मोजले. टॉवर साधारण चार मीटर मागे आहे आणि मध्ये जॉइंट आहे असं साईट इंजिनियर म्हणाला, आणि तो मनापासून सांगत होता, वहीतली रीडिंगही दाखवली, आत्तापर्यंतचं सगळ्यात जास्त हलणं ६ मिमी. दर्जा चुन्यानेच भरतायत. मी बोटाने दाबून बघितलं तर तो हसला, म्हणाला ओला आहे, उद्या या.

सेक्शन मात्र द्यायला खूप कां-कूं केली. ऑफिसात तीन वेळा "प्लॅन आहे ना सर" झालं. शेवटी त्याच इंजिनियरने त्याच्या टेबलावरचा दाखवला, पट्टी लावून मोजलं. आमच्या फ्लॅटची जमीन खिडकीच्या तळापासून १.१ मीटर वर येते. म्हणजे खिडकीचा तेवढा भाग खालच्यांच्या वाट्याला, आणि कमान संपते आमच्या जमिनीपासून दीड मीटरवर. दुसरा_मजला, तुमच्यापेक्षा दहा सेंटिमीटरने मी श्रीमंत. सेल्सवाला म्हणाला सर यामुळे प्रायव्हसी छान मिळते.

तिसऱ्या मजल्यावरचा विचारला तर तो आधीच गेलाय म्हणे. कुणी घेतला विचारलं. ओशाळून म्हणाला, प्रोजेक्टच्या आर्किटेक्टच्या भावाने.

आता पाचवा बघतोय, भिंतीच्या वरचा. तिथून कॉर्निसची पाठ दिसते, पत्र्याचं फ्लॅशिंगही दिसेल, ओघळ येतायत का ते घरबसल्या कळेल. खरेदीखतातला भिंतीचा मुद्दा वकिलाला पाठवलाय, उत्तर आलं की इथे टाकतो.